विहिरीत नायट्रेट ९२ आणि घरात चार महिन्यांचं बाळ

एका ताईंचा प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात मळ्यातच वस्ती, पिण्याला द्राक्षबागेच्या विहिरीचं पाणी. घरात चार महिन्यांचं बाळ. आईचं दूध पुरत नाही म्हणून डब्यातल्या पावडरचं दूध सुरू केलंय. पाणी तपासून आणलं तर अहवालात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ७८० आणि नायट्रेट (नत्राचा क्षार) ९२. त्या विचारतात: 'पाणी चवीला गोड आहे, सासूबाईंचा जन्म याच पाण्यावर गेला. उकळून दिलं तर चालेल ना? की फिल्टर घ्यावा? आणि हे विहिरीत आलं कुठून?'

ताई, आधी बाळाचं बोलू. विहिरीचं नंतर.

आजपासून बाळाच्या दुधाला या विहिरीचं पाणी वापरू नका. उकळूनही नाही. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यातच राहतं. आमटी आटली की खारट होते, तसंच. दहा लिटर पाणी आटून आठ लिटर झालं तर तुमचं ९२ चं ११५ होतं. काळजी म्हणून अर्धा तास खळखळ उकळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं, पण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालवून घेतं. बऱ्याच घटकांना 'दुसरा स्रोत नसेल तर' अशी वरची सवलत असते, नायट्रेटला ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. तुमचं पाणी दोन्हींच्या जवळजवळ दुप्पट आहे. अहवालात एक गोष्ट मात्र बघून घ्या: आकडा 'नायट्रेट' म्हणून लिहिलाय की 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून. दुसरा प्रकार असेल तर ४५ शी ताडायला त्याला ४.४३ ने गुणावं लागतं; न गुणता बघायचं तर मर्यादा १० च्या आसपास येते. तुमचा ९२ नायट्रेट म्हणूनच असावा, तरी प्रयोगशाळेत विचारून खात्री करा.

ही मर्यादा ठरली तीच मुळी तान्ह्या बाळांमुळे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणाऱ्या, निळ्या पडलेल्या बाळांची नोंद केली. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अशा रुग्णांची पाहणी झाली. त्यात ४५ च्या खालच्या पाण्यावर एकही रुग्ण सापडला नाही. तिथून हा आकडा आला.

बाळाच्या अंगात होतं असं: नायट्रेटचं नायट्राइट होतं, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला ऑक्सिजन पोचवता येत नाही. मोठ्यांच्या अंगात हे बदललेलं हिमोग्लोबिन परत ठीक करणारं एन्झाइम पुरेसं असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ते कमी असतं, शिवाय त्याच्या जठरात आम्लही कमी, त्यामुळे नायट्राइट बनवणाऱ्या जंतूंना तिथे रान मोकळं मिळतं. आणि बाळ पाणी किती पितं ते बघा. 'बाळ पाणी पीतच नाही, दूधच पितं' असं सगळे म्हणतात. पण पावडरचं दूध म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. सहा किलोचं बाळ दिवसाला सुमारे ९०० मिलिलिटर दूध पितं, म्हणजे तुमच्या पाण्यातून त्याच्या पोटात ८३ मिलिग्रॅम नायट्रेट जातं, किलोमागे १४. साठ किलोचा माणूस अडीच लिटर पाणी प्यायला तर किलोमागे चारसुद्धा भरत नाही. सासूबाईंना इतकी वर्षं काही झालं नाही हे खरंच आहे, पण त्यावरून बाळाचा निवाडा करता येणार नाही.

घाबरून जाऊ नका. ९२ च्या पाण्यानं प्रत्येक बाळ आजारी पडतं असं मुळीच नाही. पण लक्ष ठेवा: ओठ, जीभ, नखं निळसर किंवा राखाडी दिसू लागली, बाळ मलूल झालं, दूध ओढेना, धाप लागल्यासारखं वाटलं, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. सावळ्या बाळाच्या कातडीवर निळेपणा लवकर कळत नाही, म्हणून ओठ खाली ओढून आतली बाजू बघा. आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा की आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ९२ आहे, अहवालाचा फोटो दाखवा. या आजारात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र फसवं वाचन देतं, त्यामुळे ही माहिती त्यांच्या फार कामाची असते. वेळेत कळलं तर यावर उपचार आहे. जुलाब चालू असतील तर धोका वाढतो, तेव्हा त्या दिवसांत दुप्पट लक्ष.

आईचं दूध जितकं देता येईल तितकं द्या. आईनं हे पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही, ही निसर्गाची मोठी कृपा आहे. दूध वाढवण्यासाठी डॉक्टरांचा किंवा आशाताईंचा सल्ला घ्या, लाजू नका. बाळगुटी देत असाल तर सहाणेवर ती कोणत्या पाण्यात उगाळता तेही बघा. खरं तर सहा महिन्यांपर्यंत बाळाला गुटी, ग्राइप वॉटर, वरचं पाणी यातलं काहीच लागत नाही.

मग पावडर कालवायला पाणी कुठलं? गावात नळयोजना धरणाच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर असेल तर ते आणा. साठवलेल्या धरणाच्या पाण्यात नायट्रेट सहसा बरंच कमी असतं. नाशिक शहराला गंगापूर, दारणा, मुकणे धरणांतून पाणी येतं, त्यामुळे शहरात नळावर ही तक्रार सहसा नसते. सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकीत मिसळत असतील तर गोष्ट वेगळी. गावातल्या आरओ प्लांटचा जार आणणार असाल तर त्यांच्याकडे नायट्रेटचा अहवाल मागा. 'टीडीएस ऐंशी आहे' हे उत्तर पुरेसं नाही. जे काही कमी नायट्रेटचं पाणी मिळेल, ते मग उकळून थंड करून दुधाला वापरा. क्रम लक्षात ठेवा: आधी पाणी बदलायचं, मग उकळायचं.

आता फिल्टर. तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे थेंब, कँडलचा फिल्टर, युव्ही, युएफ, कोळशाचं कार्ट्रिज यातलं काहीही नायट्रेट काढत नाही. ड्रिपमध्ये क्षार साचू नयेत म्हणून बसवलेला सॉफ्टनरही नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, नायट्रेट तसंच सोडतो. घरगुती पातळीवर खरा उपाय आरओच. त्यातलं मेम्ब्रेन, म्हणजे अतिबारीक गाळणी, चांगल्या स्थितीत असेल तर ८५ ते ९५ टक्के नायट्रेट अडवतं, म्हणजे तुमचं ९२ साधारण ५ ते १४ वर येईल.

पण इथेच एक पेच आहे, आणि तो मी इतक्या घरांत पाहिलाय की जरा सविस्तर लिहिते. बहुतेक आरओ यंत्रांत आत एक छोटा प्लास्टिकचा कॉक असतो, त्याला टीडीएस कंट्रोलर किंवा अ‍ॅडजस्टर म्हणतात. तो मेम्ब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. घरचे म्हणतात पाणी कडवट लागतं, सपक लागतं, मग मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरनं तो कॉक अर्धा वळसा उघडतो, मीटर बुडवून दाखवतो, आकडा छान दिसतो, सगळे खूश. तुमच्या घरात तो कॉक अर्धं कच्चं पाणी सोडत असेल तर पेल्यात नायट्रेट ५० येईल. म्हणजे यंत्र घेऊनही मर्यादेच्या वरच. टीडीएस मीटर हे कधीच सांगणार नाही, कारण तो सगळ्या क्षारांची एकत्र बेरीज दाखवतो, त्यात नायट्रेट किती ते वेगळं काढत नाही. बाळ आहे तोवर तो कॉक पूर्ण बंद ठेवायला सांगा, मेकॅनिक कुरकुर करील, करू द्या. यंत्र बसल्यावर आठवड्याभरानं शुद्ध पाण्याचाच नमुना नायट्रेटसाठी तपासा, आणि नंतर वर्षातून दोनदा. मेम्ब्रेन हळूहळू थकतं, आणि हे जिभेला कळत नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी भांडी-फरशीला वापरा. त्यात नायट्रेट आणखी दाट झालेलं असतं, ते विहिरीच्या काठाला सोडू नका. हे सांगावं लागतं, कारण बहुतेक मळ्यांत त्या पाण्याची नळी मोरीतून थेट विहिरीच्या बाजूच्या चारीलाच जाते.

मोठ्यांचं काय? आपण रोज पालक, मेथी, बीट खातो, त्यातूनही नायट्रेट पोटात जातं. पण भाजीसोबत क जीवनसत्त्वही येतं आणि ते नायट्राइटची घातक संयुगं बनू देत नाही. पाण्याबरोबर ते संरक्षण येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० मध्ये, शरीरात अशी संयुगं बनतील अशा परिस्थितीत पोटात जाणारं नायट्रेट 'कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता' या गटात ठेवलं. थायरॉइडला आयोडीन मिळण्यातही नायट्रेट आड येतं. म्हणून यंत्र बसवणारच आहात तर पिण्याला आणि स्वयंपाकाला सगळ्या घरानंच ते पाणी वापरावं, गरोदर बाईनं तर नक्कीच. अंघोळीला, कपड्याला विहिरीचं चालतं. गुरांना ९२ च्या पाण्यानं लगेच बाधा होत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आलं कुठून. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. आरओ बाळाला वाचवतो, विहिरीला नाही.

नाशिक जिल्ह्याची जमीन समजून घ्या. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला, छिद्रांचा मांजऱ्या खडक, मग कठीण काळा पाषाण. आपल्या विहिरींचं पाणी मुरूम आणि मांजऱ्या यांतूनच झिरपतं. हा साठा उथळ आणि छोटा असतो, त्याला वर काय टाकलं ते लवकर कळतं. युरिया मातीत गेला की जंतू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. काळ्या मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे अमोनियम मातीला धरून राहतं तसं नायट्रेट राहत नाही. पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली उतरलं की पिकाच्या हातून गेलं आणि विहिरीच्या वाटेला लागलं.

ही फक्त तुमच्या मळ्याची गोष्ट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर निघालं, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त आहे.

युरियाच्या एका ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. ते सगळं नायट्रेट होऊन पाण्यात गेलं तर सुमारे ९२ किलो नायट्रेट होतं, आणि एवढ्यावर २० लाख लिटर शुद्ध पाणी थेट मर्यादेला पोचतं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. सगळं नत्र जात नाही, पीक घेतं, काही हवेत जातं. पण चौथा हिस्सा जरी निसटला तरी पन्नास टँकर. आता आपल्या भागात एकराला युरिया, डीएपी, १९:१९:१९, कॅल्शियम नायट्रेट, वर कोंबडखत असं किती पडतं ते तुम्ही मला सांगा.

तरी खतालाच सगळा दोष देण्याआधी विहिरीभोवती एक चक्कर मारा. गोठा किती अंतरावर आहे, मूत कुठे वाहतं, उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे का, शौचालयाचा शोषखड्डा कुठे आहे, पावसाळ्यात चारीचं पाणी काठावरून आत पडतं का. अहवालात क्लोराइड आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) बघा. नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढलेलं आणि ई. कोलायही असतील तर संशय गोठा-शौचालयावर जातो. क्लोराइड कमी, जंतू नाहीत आणि नायट्रेट एकटंच वर असेल तर बोट खताकडे. पोटॅशसाठी एमओपी (क्लोराइड असलेलं पोटॅश खत) वापरत असाल तर क्लोराइड त्यातूनही येतं, पण द्राक्षवाले बहुधा एसओपी (सल्फेटचं पोटॅश खत) वापरतात, त्यामुळे तुमच्याकडे ही खूण चांगली लागू पडेल.

आणि एक जागा नक्की बघा: खत विरघळवायची टाकी. ती बहुतेक ठिकाणी विहिरीच्या काठालाच असते, मोटरीशेजारी. व्हेंचुरी (पाण्याच्या वेगावर खत पाइपात ओढणारं साधन) चालू आहे, खत ओढलं जातंय, तेवढ्यात लाइट जाते. मोटर थांबली की पाइपातलं पाणी मागे विहिरीत धावतं. एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसेल, किंवा असून त्याचं रबर झिजलेलं असेल, तर विरघळलेलं खत सरळ विहिरीत उतरतं. आपल्याकडे शेतीची लाइट दिवसातून कितीदा जाते-येते ते मी सांगायला नको. खताचं इंजेक्शन जिथे होतं त्याच्या आधी, विहिरीच्या बाजूला, चांगला एनआरव्ही बसवा आणि टाकी काठापासून दूर हलवा. रिकाम्या गोण्या, फवारणीचे पंप विहिरीवर धुऊ नका. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि काही विहिरींचा आकडा एवढ्यानंच खाली आलेला मी पाहिलाय.

उरलेलं काम शेतात. तुमच्या यजमानांना हा हिशोब दाखवा: ९२ नायट्रेटच्या पाण्यात लिटरला जवळजवळ २१ मिलिग्रॅम नत्र आहे. एकराला हंगामात २० लाख लिटर पाणी दिलंत तर त्यातूनच ४१ किलो नत्र पडतं, म्हणजे युरियाच्या दोन गोण्या. त्या दोन गोण्या तुम्ही आधीच विकत घेतलेल्या आहेत, त्या विहिरीत पडून आहेत. खताच्या वेळापत्रकातून त्या वजा करा. बाग सतत शेंडा धरते, वेल माजतो, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आटोक्यात येत नाही अशी तक्रार घेऊन लोक फवारण्या वाढवतात, आणि नत्र मात्र पाण्यातून रोज पडत असतं. कांद्यालाही शेवटच्या टप्प्यात जास्तीचं नत्र मिळालं की माना जाड राहतात आणि चाळीत सड लागते. देठ परीक्षण तर द्राक्षवाले करतातच; त्यासोबत विहिरीच्या पाण्याचा नायट्रेटचा आकडाही सल्लागारापुढे ठेवा.

फळछाटणीच्या सुमाराला बेडमध्ये एकदम मोठा डोस टाकून त्यावर परतीचा पाऊस पडला की तो डोस खाली गेलाच समजा. नत्र तुकड्यातुकड्यानं द्या. ड्रिपनंही नायट्रेट खाली ढकललं जातं, रात्री लाइट आली म्हणून मोटर लावून झोपलं तर. खत पाण्याच्या शेवटच्या भागात सोडा आणि त्यानंतर नळ्या धुण्यापुरतंच पाणी चालवा. कांद्याला सपाट वाफ्यात पाट भरून देत असाल तर तिथे गळती सगळ्यात जास्त, कारण कांद्याची बहुतेक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात. कांदा निघाल्यावर रान मोकळं न ठेवता मका किंवा ज्वारीची वैरण घ्या, ती मातीत राहिलेलं नत्र ओढून घेते. हिरवळीसाठी ताग-धैंचा चांगलेच, पण त्यांच्या मुळांवरच्या गाठी स्वतः नत्र धरतात, या कामासाठी ते नकोत.

नवीन खोल बोअर घ्यावी का, हे बरेच जण विचारतात. मी तरी यासाठी सल्ला देणार नाही. खालचं पाणी कधी चांगलं लागतं, पण केसिंग (बोअरच्या आत बसवायचा पाइप) वरच्या मुरुमापुरतंच टाकलेलं असेल तर भेगांतून वरचं नायट्रेट काही वर्षांत तिथेही उतरतं. मग उथळ विहीर आणि खोल बोअर, दोन्ही गेलं.

आकडा एका हंगामात ४५ च्या खाली येणार नाही. मातीत जे साठलंय ते आणखी काही पावसाळे झिरपत राहील. मात्र आपला खडकातला साठा छोटा आणि दर पावसाळ्यात भरणारा आहे, त्यामुळे वरून भर थांबली की नद्यांच्या गाळातल्या खोल साठ्यांपेक्षा इथे फरक लवकर दिसतो. मोजत राहा: एकदा एप्रिल-मेमध्ये, एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पहिल्या जोरदार पावसानंतर आकडा उसळतो, त्यावरून हिरमोड करून घेऊ नका. नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्याचा आकडा भरवशाचा नसतो. ई. कोलायसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली घ्या.

शेवटचं, गावाबद्दल. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे आणि त्या किटमध्ये नायट्रेटची रंगतपासणी असते. तुमच्या ग्रामपंचायतीत तो किट कुठे ठेवलाय ते विचारा. रंग ४५ च्या वर दिसला की प्रयोगशाळेत पक्की तपासणी करून घ्यायची. स्रोताला हिरवं कार्ड मिळालं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते कार्ड परिसराच्या स्वच्छतेवरून आणि जंतूंच्या धोक्यावरून देतात, नायट्रेटवरून नाही. तुमची विहीर ९२ आहे तर शेजारच्या मळ्यांतले लोकही त्याच खडकातलं पाणी पितात. आशाताईंकडे गरोदर बायकांची आणि तान्ह्या बाळांची यादी असते. त्यातली वरचं दूध घेणारी आणि विहिरीच्या पाण्यावर असलेली घरं आधी तपासायला सांगा, बाकीची नंतर.